सरासरी चार तास

मला स्वस्थ बसता येत नाही. ही सवय आहे असं मी म्हणते, आजार आहे असं नवरा म्हणतो. पॉलिमर इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी नाव घातलं तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, दोन तास एका जागी बसून सिनेमा बघवत नाही तुला, आणि तू लेक्चरं ऐकणार?" मी ऐकली, पण बसून नाही. कपडे वाळत घालताना ऐकली, कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत ऐकली, जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या आडोशाला उभी राहून ऐकली. सगळी दीडपट वेगानं. त्यामुळे माझे मार्गदर्शक सर पडद्यावर प्रत्यक्ष बोलायला लागले की ते मला फार सावकाश वाटतात आणि माझी उगाच चिडचिड होते.

लेक दहावीत आहे. तिची जीभ माझ्यावर गेली आहे. एकदा मी भाजी चिरता चिरता पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्यांचं प्रकरण पुटपुटत होते, तर म्हणते, "आई, तू परीक्षेला बसली आहेस की परीक्षा तुझ्यावर बसली आहे?"

परीक्षाच बसली होती. पाच वर्षं बसली होती.

आमच्या कारखान्यात ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्यांचे पाय तयार होतात. पाय म्हणजे खालचा तो पाच फाट्यांचा तारा, ज्याला चाकं लागतात. काचेचे बारीक तंतू घातलेल्या नायलॉनचा असतो तो. नायलॉनचा दाणा महा तहानलेला. पोतं उघडं राहिलं की हवेतलं पाणी पीत बसतो. असा ओला दाणा मशीनमध्ये गेला तर पाय दिसायला छान होतो, पण आतून कच्चा राहतो. एखाद्या दिवशी कुणीतरी जाडजूड माणूस मागे रेलतो आणि जमिनीवर येतो. म्हणून दाणा आधी ड्रायरमध्ये गरम हवेवर वाळवायचा, मग मशीनला द्यायचा. किती वेळ वाळवायचा, यावर माझा प्रबंध होता.

मी तिथं सोळा वर्षं आहे. डिप्लोमावर लागले, नोकरी करत पदवी घेतली, प्रॉडक्शन इनचार्ज झाले. पण कारखान्याच्या लेखी मी डिप्लोमावालीच. दर दोन-तीन वर्षांनी नवा टेक्निकल हेड येतो. मी त्याला सगळं शिकवते आणि शिकून झालं की तो माझ्या कागदांवर सह्या करायला लागतो. असे चार झाले. चौथ्यानं तर पहिल्याच दिवशी "हा ड्रायर बंद आहे का?" असं विचारत ड्रायरला हात लावला होता आणि आठवडाभर बोटांना मलम लावून हिंडत होता. तो गेल्यावर कारखाना चालवणारे आमचे साहेब मला म्हणाले, "तुम्ही ती पदव्युत्तर पदवी आणा. पाचवा बाहेरून आणत नाही." मला ती जागा हवी होती. लपवण्यासारखं त्यात काय आहे? माझ्याकडून शिकलेल्या माणसाची माझ्या कागदावर सही बघणं मला पुन्हा नको होतं.

आणि वेळ संपत आला होता. अभ्यासक्रम जास्तीत जास्त पाच वर्षांत संपवायचा असा नियम. आईच्या आजारपणात एक वर्ष गेलं, मुदतवाढ मिळायची ती मिळून गेली. हे शेवटचं सत्र. यात नाही झालं तर नोंदणी रद्द. पुन्हा पहिल्या पेपरपासून.

प्रबंध मात्र झकास झाला होता. ड्रायरची दोन वर्षांची पत्रकं मी एकेक करून संगणकात भरली. कुठली घाणी, म्हणजे एका वेळी ड्रायरमध्ये भरलेला दाणा, किती तास वाळवली, त्या घाणीतला नमुन्याचा पाय किती दाबाला मोडला. सगळं समोरासमोर ठेवलं. निष्कर्ष निघाला की तीन तास वाळवा नाहीतर पाच, पायाच्या ताकदीत फरक पडत नाही. म्हणजे तीन तास पुरे. पुस्तकं याच्या उलट सांगतात, म्हणून सर खूश. प्रत्येक घाणी लवकर सुटणार, म्हणून साहेब खूश. मी तर हवेतच होते.

तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, एका सोमवारी सरांचा फोन आला.

"एक गंमत दिसतेय तुमच्या आकड्यांत," सर आपल्या त्या सावकाश चालीत म्हणाले. "वाळवण्याचे तास बघा. तीन, पाच, साडेतीन, साडेचार. मग परत तीन, पाच, साडेतीन, साडेचार. दोन वर्षं हेच चाललंय. थोडं इकडेतिकडे होतं, पण चक्र आहे. याला काहीतरी कारण असणार. बहुतेक तुमच्या मशीनच्या वेळापत्रकात. शोधा आणि अर्धं पान लिहून पाठवा. बाहेरचे परीक्षक विचारू शकतात."

मी म्हणाले, हो सर, बघते. फोन ठेवला आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी कारखानाभर फिरले. पोती किती किलोची येतात ते पाहिलं. पाळ्या कशा बदलतात ते पाहिलं. मशीनवरचा साचा कधी उतरतो, कधी चढतो, चहाची सुट्टी केव्हा होते, सगळं पाहिलं. चाराचं चक्र कशातच बसेना. शेवटी दुपारी ड्रायरपाशी गेले.

ड्रायर दाजींकडे असतो. आमच्या जुन्या स्टोअरकीपरचे ते मेहुणे. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून सगळा कारखाना म्हणायला लागला. स्टोअरकीपर केव्हाच सोडून गेला, नातं इथंच राहिलं. दाजी म्हणजे वक्तशीरपणाची कमाल. दाणा भरला की घड्याळ बघणार, वेळ भरल्याशिवाय खालची झडप उघडणार नाहीत. मग मशीनवाला कितीही ओरडू दे.

मी विचारलं, "दाजी, ही सकाळची घाणी किती वाळवलीत?"

"चार तास."

"आणि आधीची?"

"चार. आपल्याकडे चारच असतं की ताई."

मी खिळ्याला लटकवलेलं पत्रक काढून पाहिलं. सकाळच्या घाणीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: साडेतीन. त्याआधीच्या घाणीपुढे: पाच.

"मग हे काय लिहिलंय?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारते आहे. "तुम्हीच तर लावून दिलंय."

"मी?"

"ते ऑडिटवाले नव्हते का आले? टाय लावून. चार, चार, चार, चार बघून म्हणाले, हे एका बैठकीत बसून भरलंय, खोटं आहे. तुम्ही तेव्हा नुकत्याच सुपरवायझर झाला होता. मला म्हणालात, दाजी, खरं लिहिलं तर या लोकांना खोटं वाटतं. उद्यापासून तीन, पाच, साडेतीन, साडेचार असं लिहीत जा. सरासरी चारच येते, म्हणजे खोटंही नाही." दाजी हसले. "फार हुशार बाई, असं मी घरी पण सांगितलं होतं. त्या दिवसापासून एकाही ऑडिटवाल्यानं तोंड उघडलेलं नाही."

मला आठवलं. अकरा वर्षांपूर्वीची सकाळ. टायवाल्या माणसानं मला खोटारडी ठरवलं होतं, माझं डोकं सणकलं होतं, आणि रागाच्या भरात मी चार आकडे फेकले होते. एवढंच. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले होते. दाजी विसरले नव्हते. दाजी सांगितलेलं काहीच विसरत नाहीत.

म्हणजे दोन वर्षं प्रत्येक घाणी चारच तास वाळली होती. मग ताकदीत फरक पडणार कुठून? मी माझ्याच डोक्यातून निघालेले चार आकडे संगणकात भरले होते, त्यांचे आलेख काढले होते, आणि त्या आलेखांवर सत्तर पानं लिहिली होती. मी तेच पत्रक उलटसुलट करून बघत राहिले. दाजी म्हणाले, "काय झालं ताई? पाणी आणू?"

त्या संध्याकाळी मी ते अर्धं पान लिहिलं. 'उत्पादनाच्या नियोजनानुसार घाण्या चारच्या गटांत घेतल्या जात असल्याने वाळवण्याच्या वेळेत हे आवर्तन दिसते.' लिहायला अकरा मिनिटं लागली. सरांचं उत्तर लगेच आलं: उत्तम.

मी खोटं बोलले होते, आणि सराईतासारखं बोलले होते. मला स्वतःची किळस आली. त्याहून जास्त राग आला. सरांचा, कारण त्यांना ते चक्र दिसलंच का. दाजींचा, कारण एवढं आज्ञाधारक असायचं काय अडलं होतं. त्या टायवाल्याचाही. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाच वर्षं मी या घरातले सगळे रविवार सांभाळलेत. तू काय करायचं ते तू ठरव. पण मला विचारशील तर आत्ता मूग गिळून बस, पदवी घे, मग काय ती दुरुस्ती कर." त्याचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणवत नाही.

पण मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगितलंय. आठवडाभर जिवाची नुसती घालमेल झाली. लेकीच्या शाळेत पालकसभेला गेले, तिथं सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते आणि मी भिंतीला टेकून उभी. वर्गशिक्षिका दोनदा म्हणाल्या, बसा ना. बसले नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी होती: तीन तास खरंच पुरतात की नाही? प्रबंध खोटा असला तरी निष्कर्ष चुकून खरा असू शकतो. चुकून खरा निघाला तर मी सुटले.

शनिवारी कारखान्याला सुट्टी असते. मी दाजींना बोलावून घेतलं. हवा दमट होती, कपडे अंगाला चिकटत होते. एक घाणी बरोबर तीन तास वाळवली, एक बरोबर चार. मी घड्याळ घेऊन ड्रायरसमोर उभी. दाजींना तीन तासांनी झडप उघडायला सांगितलं तर त्यांचा हात उचलेना. "ताई, कच्चा आहे हो अजून," ते म्हणाले. मीच झडप ओढली.

दोन्ही घाण्यांचे बारा-बारा पाय काढले आणि चाचणीच्या खोलीत नेले. तिथं पाय ठेवून वरून दाब देतात आणि तो मोडेपर्यंत काटा बघतात. अकराशे किलोच्या वर टिकला तर पास. चार तासांचे बाराच्या बारा टिकले. तीन तासांच्या बारांपैकी पाच अकराशेच्या आत गेले. एक तर नऊशेलाच मोडला. असा आवाज झाला की दाजी मागे सरले. मोडलेल्या फाट्याचे तुकडे मी हातात घेऊन उभी राहिले. एवढ्या पाच वर्षांत पहिल्यांदाच मी खरा प्रयोग केला होता, आणि त्यानं माझीच सत्तर पानं पाडली होती.

सोमवारी सकाळी ते पाच पाय पिशवीत घालून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांच्या टेबलावर माझा प्रबंध होता. पानांना पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या.

"या, या. तुमचाच आदेश काढतोय," ते म्हणाले. "एक तारखेपासून ड्रायर तीन तास."

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. "तीन तासांत हे होतं."

त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला. "हे किती नग?"

"बारांपैकी पाच."

"आणि तुमचा अभ्यास किती घाण्यांचा? दोन वर्षांचा. मग बारा नगांवर मी दोन वर्षांचा अभ्यास खोटा मानू?"

"अभ्यास खोटाच आहे साहेब. पत्रकं खोटी आहेत. आम्ही चार तास वाळवतो आणि..."

त्यांनी हात वर केला. "हे वाक्य मी ऐकलं नाही. तुम्ही बोललाही नाहीत. ग्राहकांची सगळी ऑडिटं त्या पत्रकांवर उभी आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला नायलॉन काय कळतं? तुमचा रिपोर्ट मोठे तज्ज्ञ तपासतायत ना? शुक्रवारी त्यांनी पास केला, तर तीन तास. नाही केला, तर चालू आहे ते चार. मी काही तज्ज्ञांच्या वर नाही."

मी तुकडे पिशवीत भरले आणि बाहेर आले. जिन्यात मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. मी पास झाले तर खुर्च्या मोडणार. शिवाय त्या मोडायला लागल्या की पाचवा टेक्निकल हेड म्हणून मीच सही करून सांगणार, की मोडत नाहीत.

शुक्रवारी तोंडी परीक्षा अकरा वाजता. घरचं इंटरनेट दगा देतं म्हणून कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत बसले. खरोखर बसले; खुर्चीच्या हातांना घट्ट धरून. पडद्यावर डावीकडे सर. उजवीकडे बाहेरचे परीक्षक, पांढऱ्या केसांचे, कानामागे पेन्सिल. त्यांनी बरीच वर्षं कारखान्यात काढली आहेत, असं सरांनी ओळख करून देताना सांगितलं.

चाळीस मिनिटं प्रश्न झाले. साखळ्या, बंध, पाण्यानं बंध तुटतात ते कसे. मला सगळं येत होतं. मला इतकं छान येत होतं की मलाच नवल वाटत होतं. चक्राबद्दल कुणी विचारलंच नाही. पांढऱ्या केसांचे परीक्षक म्हणाले, "छान आहे काम. नोकरी करून एवढं केलंत, कौतुक आहे. आणखी काही सांगायचंय?"

सर पडद्यावर हसत होते. नाही म्हणायचं होतं. एक शब्द, की झालं.

"हो," मी म्हणाले. "वाळवण्याचे तास खोटे आहेत."

सरांचं हसू तसंच राहिलं, नुसतं गोठलं. मी सगळं सांगितलं. टायवाला ऑडिटर, चार आकडे, दाजी, ते अर्धं पान. मग शनिवारचे चोवीस पाय, त्यांचे चोवीस आकडे. मी भराभर बोलत होते. मध्ये थांबले असते तर पुढे बोलूच शकले नसते.

परीक्षकांनी कानामागची पेन्सिल काढून विचारलं, "म्हणजे खरं लिहिलेलं खोटं दिसतं म्हणून?"

"हो."

"आमच्याकडे भट्टीच्या तापमानाच्या नोंदींत असंच करायचो," ते म्हणाले. "दोन अंश वर, एक खाली, दोन वर. तेवीस वर्षं केलं. मी स्वतः." ते थोडे पुढे झुकले. "कुणाला सांगितलं नाही मी. निवृत्त झालो तरी नाही."

त्यांनी मला पाच मिनिटं कॉलमधून बाहेर थांबायला सांगितलं. पाचाची वीस झाली. मी त्या खोलीत किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. पुन्हा जोडले गेले तेव्हा सर खाली बघत होते. परीक्षक बोलले.

"तुमचे चोवीस आकडे या सत्तर पानांपेक्षा चांगले आहेत. पण माझ्यासमोर सत्तर पानं आहेत. मी ती नामंजूर करतोय. तुमची मुदत संपली आहे, हे सरांनी मला सांगितलंय. तरीही."

"कळलं सर."

"वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणणार नाही. वाटेलच."

वाटलं. पडदा काळा झाल्यावर मी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. पाच वर्षांचे रविवार, आईच्या खाटेशेजारी बसून लिहिलेल्या टिपणवह्या, नवऱ्यानं निमूट घासलेली भांडी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र यायला तासही लागला नाही. त्या बाबतीत विद्यापीठ फार तत्पर. मी तोंड धुतलं, पत्र छापून घेतलं आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले.

साहेब फोनवर होते. मला बघून त्यांनी फोन बाजूला धरला आणि हसत हसत अंगठा वर केला. "झाल्या ना पास? अभिनंदन!"

मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"नापास झाले, साहेब," मी म्हणाले. "तज्ज्ञांनी केलं. तुमचा आदेश फाडा."